बोर्डिंग सुटल्यावर

(कु. ….., द्वितीय वर्ष, कला)

आमच्या निवासी शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, एक काळा फलक टांगलेला होता. त्यावर पांढऱ्या रंगाने माजी विद्यार्थ्यांची नावे लिहिलेली होती. कोणी फौजदार, कोणी तलाठी, कोणी शिक्षिका, एक जण डॉक्टर. पाचवीत असताना मी जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभी राही आणि रांग पुढे सरकेपर्यंत ती नावे वाचीत असे. वाचून वाचून ती तोंडपाठ झाली होती. पुढे आठवीत गेल्यावर माझ्या मनात एक शंका आली. आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर चाळीस नावे होती. फलकावर मात्र एकेका वर्षाचे एखादेच नाव होते. मग उरलेली नावे कोठे जात असतील?

ही शंका मी त्या वेळी कोणास विचारली नाही. आज महाविद्यालयात आल्यावर, इतिहास आणि मराठी हे विषय शिकताना, ती पुन्हा वर आली. बोर्डिंगात राहून शिकलेल्या मुलामुलींचे पुढे काय होते, याचा थोडा अभ्यास करावा असे वाटले. त्यासाठी मी दोन प्रकारची माणसे निवडली. पहिली, ज्यांची नावे पुस्तकांत आहेत अशी. दुसरी, माझ्या खोलीत माझ्याबरोबर राहिलेल्या दहा मुली, ज्यांची नावे कोठेच नाहीत. या दोहोंना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर मला जे दिसले ते या लेखात मांडत आहे. लेख एका विद्यार्थिनीचा आहे, तेव्हा त्यातील उणिवा वाचक पोटात घालतील अशी आशा आहे.

बोर्डिंग कशासाठी?

आपल्याकडे 'बोर्डिंग' हा शब्द दोन अगदी निराळ्या अर्थांनी वापरला जातो. एक बोर्डिंग श्रीमंतांचे. तेथे मूल घरात जागा नाही म्हणून जात नाही. वळण लागावे, ओळखी व्हाव्यात म्हणून जाते. राजर्षी शाहू महाराज स्वतः अशाच एका शाळेचे विद्यार्थी होते. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात संस्थानिकांची मुले शिकत. महाराजांचे काही शिक्षण तेथे झाले.

दुसरे बोर्डिंग गरिबांचे. ते महाराष्ट्रात रुजवण्याचे मोठे श्रेय याच राजकुमार कॉलेजच्या विद्यार्थ्याकडे जाते. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यानंतर जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातल्या मुलाला शाळा शहरात मिळे, पण शहरात अंग टाकायला जागा मिळत नसे, आणि जातीमुळे कोणी भाकरही वाढीत नसे. म्हणजे प्रश्न पुस्तकांच्या आधी छपराचा आणि चुलीचा होता. बोर्डिंगने तो सोडवला.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. छप्पर आणि चूल ही ठरावीक वर्षांपुरतीच असतात. शेवटची परीक्षा झाली, पेटी बांधली, की ती संपतात. माझ्या शंकेचे उत्तर त्या पेटी बांधण्याच्या दिवसापाशी आहे, असे मला आता वाटते.

काढून टाकलेला विद्यार्थी

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात कुंभोज गावचा एक मुलगा राहत होता. जन्म १८८७ चा. अभ्यासात यथातथा, अंगाने दणकट, स्वभावाने हट्टी. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या उद्घाटनाला तो गेला आणि परत आल्यावर शुद्धीसाठी अंघोळ करण्यास त्याने नकार दिला. त्यामुळे त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हा मुलगा म्हणजे पुढे कर्मवीर म्हणून ओळखले गेलेले भाऊराव पाटील.

त्यांच्या शाळेत असा एखादा फलक असता, तर त्यावर त्यांचे नाव आले नसते. ते मॅट्रिकही झाले नाहीत. पुढची कित्येक वर्षे त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगले यांच्या काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी फिरून खपवले. त्या काळी कोणी त्यांच्या 'करिअर'ची चौकशी केली असती, तर 'बोर्डिंगातून काढलेला, फिरस्ता विक्रेता' असेच उत्तर मिळाले असते. पण ज्या दिवशी जैन बोर्डिंगाचे दार बंद झाले, त्या वेळी शाहू महाराजांनी त्यांची राहण्याची सोय केली. एक दार बंद होताच दुसरे उघडले. ते उघडले नसते तर कुंभोजचा तो मुलगा मुकाट्याने गावी परतला असता, आणि रयत शिक्षण संस्था निघाली असती की नाही हे कोणी सांगावे?

भाऊरावांनी स्वतः कोल्हापुरास आणून मिस क्लार्क बोर्डिंगात दाखल केलेला एक अस्पृश्य विद्यार्थी म्हणजे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. हे घोलप पुढे मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद झाले आणि डॉ. आंबेडकरांनी १९२० साली सुरू केलेल्या 'मूकनायक' पत्राचे काही काळ संपादकही होते. शाळेबाहेर उभे राहावे लागलेला मुलगा कायदे करणाऱ्या सभेत जाऊन बसला. एका बोर्डिंगातून काढलेल्याने दुसऱ्याला दुसऱ्या बोर्डिंगात पोचवावे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

पायऱ्या कशा बांधल्या गेल्या

१९१९ साली कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. एका पंगतीत जेवायचे, आपली कामे आपण करायची, अशी तेथील शिस्त होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी आपले दागिने मोडले. १९३० साली त्या वारल्या. या गोष्टी आपण शाळेच्या पुस्तकांतून वाचतो आणि नमस्कार करून पुढे जातो. पण त्यापुढच्या सालांची एक यादी मी वहीत एकाखाली एक लिहिली, तेव्हा मला काही निराळेच दिसले.

१९२४, शाहू बोर्डिंग. १९३५, खेड्यातल्या शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज. १९४०, 'कमवा आणि शिका' तत्त्वावरचे महाराजा सयाजीराव हायस्कूल. १९४७, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज. १९५५, शिक्षक तयार करणारे आझाद कॉलेज.

ही नुसती संस्थेच्या वाढीची सनावळी नव्हे. एखाद्या घरात मूल मोठे होत जाते तसतसे त्याचे कपडे लांब शिवावे लागतात, तसे हे आहे. बोर्डिंगातली मुले मोठी होत गेली आणि त्यांच्या पुढे पुढे एकेक पायरी बांधली गेली. व्हर्नाक्युलर फायनल झालेल्या मुलाला शिक्षक व्हायचे असेल तर ट्रेनिंग कॉलेज, मॅट्रिक व्हायचे असेल तर हायस्कूल, हायस्कूल झाले तर कॉलेज. शिवाय शिकून तयार झालेल्यांना संस्थेच्याच नव्या शाळांत शिक्षक म्हणून काम मिळे, आणि त्या शाळा पुन्हा खेड्यांतच निघत. कालचा बोर्डर आजचा गुरुजी होई व उद्याच्या बोर्डरचे ताट वाढी.

शाहू बोर्डिंगात राहून शिकलेले पी. जी. पाटील हे याचे ठळक उदाहरण होय. ते विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. त्यांना वकिली करून पैसा मिळवता आला असता. परंतु ते संस्थेत परत आले, प्राध्यापक-प्राचार्य झाले आणि सत्तरच्या दशकात शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. महात्मा फुल्यांचे साहित्य इंग्रजीत नेण्याचे कामही त्यांनी केले. त्यांची बुद्धी तर असामान्य होतीच. पण तितक्याच बुद्धीचा मुलगा १९२४ पूर्वी एखाद्या खेड्यात जन्मला असता, तर त्याची बुद्धी नांगराच्या रुमण्यामागे गेली असती, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

दोघी बहिणी

वरील सर्व उदाहरणे पुरुषांची आहेत. मुलींचे काय? येथे मला देवरुखच्या दोन सख्ख्या बहिणींची आठवण होते.

थोरली गोदूबाई. आठव्या वर्षी विधवा झालेली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. त्यातील अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होती. पुढे सदन पुण्यास गेले, तिकडे तीही गेली. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या वाढदिवशीच, तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला व ती आनंदीबाई झाली. लग्नानंतर कर्व्यांच्या मुरुड गावाने दोघांवर बहिष्कार घातला. शारदा सदनाची माजी विद्यार्थिनी म्हणून तिचे पुढचे आयुष्य सुखाचे झाले असे कोणी समजू नये. परंतु ते तिचे स्वतःचे झाले, हे खरे. वृद्धापकाळी 'माझे पुराण' या नावाने तिने आपली हकीगत लिहिली. जिला केशवपन करून घराच्या कोपऱ्यात बसवले जायचे, तिच्या नावावर मराठीत एक पुस्तक आहे.

धाकटी पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी पदरात एक मूल असताना वैधव्य आले. तिला आधार मिळाला तो आधी शिकलेल्या थोरल्या बहिणीचा. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पार्वतीबाई तेथे शिकल्या आणि पुढे त्याच आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या. आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या गावोगाव हिंडल्या. १९१८ साली इंग्रजी शिकण्यासाठी आणि निधी जमवण्यासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी आपले पोट भरले. त्यांचेही 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे.

या दोघी बहिणींतही मला तीच गोष्ट दिसते. आधी सुटलेलीने मागून येणारीसाठी दार उघडे ठेवले. आणि अण्णासाहेबांनीही पायरीपुढे पायरी बांधली: १८९६ साली आश्रम, १९०७ साली महिला विद्यालय, १९१६ साली महिलांचे विद्यापीठ. आश्रमातून बाहेर पडणाऱ्या विधवेला 'आता कोठे जाऊ?' असे म्हणावे लागू नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे.

दोन घरांमधला माणूस

बोर्डिंगची एक किंमतही असते. ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले, आणि डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढले, तेव्हा खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या राहण्याची सोयही केली. मराठवाड्यातील दलितांच्या कित्येक घरांतले पहिले पदवीधर या कॉलेजाने, मिलिंद महाविद्यालयाने, घडवले. या पिढीने मराठीला नवे साहित्य दिले.

दया पवार यांचे 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ साली आले. त्यात संगमनेरच्या बोर्डिंगातले त्यांचे दिवस आहेत. गावकुसाबाहेरच्या महारवाड्यातून ते तेथे गेले, शिकले, मुंबईत नोकरीला लागले. आपण ज्याला 'मार्गी लागणे' म्हणतो ते सारे झाले. पण ते पुस्तक वाचताना सतत जाणवते की, शिकलेला माणूस गावी गेला तर गावचा राहत नाही, आणि शहरात त्याला पुरते आपले कोणी म्हणत नाही.

मला ही गोष्ट पुस्तकाबाहेरही ठाऊक आहे. सातवीच्या सुट्टीत घरी गेले असता मी आईच्या बोलण्यातला एक शब्द सुधारला. आई हसली आणि 'बरं बाई' म्हणाली. त्यानंतर त्या सुट्टीत ती माझ्याशी जरा जपून बोलू लागली. तिने पोटाला चिमटा घेऊन मला शाळेत ठेवले होते, आणि मी तिला परक्या माणसासारखे बोलायला लावले. ती सुट्टी आठवली की आजही मला चैन पडत नाही.

आमची खोली

आता पुस्तकांतून उतरून आमच्या खोलीत येते.

माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते आणि अर्धे गाव रिकामे होते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, माणसे उसाच्या फडावर कोप्या बांधून राहतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादम आगाऊ उचल देतो आणि ती हंगामभर फेडायची असते. लहान मुले बरोबर नेली तर त्यांची शाळा बुडते. म्हणून वडिलांनी मला पाचवीत तालुक्याच्या गावी निवासी शाळेत घातले. आमच्या खोलीतल्या आम्ही अकरा जणी बहुतेक अशाच घरच्या होतो. शाळा दहावीपर्यंतच होती.

दहावीची परीक्षा झाली त्या दिवशी आम्ही पेट्या बांधल्या. स्वयंपाकाच्या मावशींनी प्रत्येकीच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. 'अकरावीला भेटू' असे सगळ्याच म्हणालो. ते खरे झाले नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या दहाही जणींचा शोध घेतला. काही भेटल्या, काहींशी फोनवर बोलले. आजची स्थिती अशी आहे. मी बी. ए. ला आहे. दोघी नर्सिंगचा अभ्यासक्रम करीत आहेत. एक अध्यापक विद्यालयात आहे. एक बारावी होऊन पोलीस भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करते. या पाच झाल्या. उरलेल्या सहांपैकी चौघींची लग्ने झाली व त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जातात. पाचवीचा नवरा चाकणला कारखान्यात कामाला आहे, ती तेथे संसार करते. सहावी घरी आजी आणि तीन धाकटी भावंडे सांभाळते.

पाच आणि सहा. या दोन गटांत फरक कशाचा?

माझी पहिली समजूत अशी की हुशारीचा असावा. म्हणून मी दहावीचे गुण विचारले. समजूत खोटी ठरली. आमच्या वर्गात गणितात पहिली येणारी मैत्रीण त्या चौघींत आहे, आणि आमच्या खोलीत गुणांनी मी सहावी होते. मग आईवडिलांच्या इच्छेचा असावा म्हणावे, तर तेही नाही. लग्न झालेल्या एकीच्या वडिलांनी मुलीला शिकवायचे म्हणून शेळ्या विकल्या होत्या.

शेवटी मी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: शाळा सुटल्यावर त्या पावसाळ्यात तू कोठे राहत होतीस? उत्तर तेथे सापडले. दहावीचा निकाल जूनच्या सुमारास लागतो. अकरावीचे प्रवेश पावसाळ्यात होतात. वसतिगृहाची यादी त्याहून उशिरा लागते. आमच्या वेळी ती दसऱ्याच्या तोंडावर लागली. त्याआधीच मुकादम गावात येऊन उचल देऊन गेलेला असतो. आईवडील फडावर निघाले की घरी सोळा वर्षांची मुलगी एकटी कशी ठेवायची, हा प्रश्न उभा राहतो. तो सोडवण्याचा जवळचा मार्ग म्हणजे लग्न. शिवाय लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. कायद्याने अठरा वर्षे हवीत हे सर्वांना माहीत असते. पण कायदा रात्री घराला कडी लावायला येत नाही.

आम्हा पाच जणींपैकी प्रत्येकीला त्या चार महिन्यांत कोठे ना कोठे छप्पर मिळाले होते. नर्सिंगवाल्या एकीची बहीण तालुक्याला दिली होती, दुसरीची आत्या तेथेच होती. अध्यापक विद्यालयातली मामाकडे राहिली. पोलीस भरतीवालीच्या वडिलांची कंबर त्याच वर्षी दुखावली, त्यांचे फडावर जाणे थांबले, म्हणून तिचे घर उघडे राहिले. मला आमच्या मराठीच्या बाईंनी आपल्या घरी ठेवून घेतले. बाईंचे घर दोन खोल्यांचे. एकीपुरतीच जागा. माझे आजोळ बाईंच्या गावचे, ओळख जुनी, म्हणून ती जागा मला मिळाली. गणितात पहिली येणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मिळाली नाही. यात माझे कर्तृत्व काहीही नव्हते.

अकरा मुलींवरून सर्वांचा सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळते. परंतु भाऊराव, पी. जी. पाटील, गोदूबाई आणि पार्वतीबाई यांच्या चरित्रांत जे दिसले, तेच आमच्या खोलीत दिसले. बोर्डिंगात काय शिकवले यावर माजी विद्यार्थ्याचे आयुष्य जितके ठरते, तितकेच ते बोर्डिंग सुटल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांवर ठरते. त्या वेळी समोर दुसरे दार असेल तर पाचवीपासूनची सारी वर्षे फळाला येतात. नसेल तर ती वर्षे अर्ध्यावर थांबतात.

'वाया जातात' असे मी मुद्दाम लिहिले नाही. त्याचे कारण सांगते. मी त्या मैत्रिणीला फोन केला तेव्हा ती फडावर होती. मागून कोयत्यांचा आवाज येत होता. तिने सांगितले की आता टोळीचा हिशेब तीच ठेवते. वजनकाट्याची पावती वाचते, टनामागे किती झाले आणि उचलीतून किती फिटले ते वहीत मांडते. गेल्या हंगामात हिशेबातली चूक तिने मुकादमाला दाखवून दिली व टोळीचे पैसे वाचले. मी लेख लिहीत असल्याचे सांगितले. ती म्हणाली, "शाळा वाया गेली असं लिहू नको. पण मला मधीच उतरवलं गं." तिच्या या एका वाक्यात माझा सगळा लेख आला आहे.

काय करता येईल?

हा प्रश्न शासनाला अगदीच ठाऊक नाही असे नाही. १९८५-८६ साली सुरू झालेली नवोदय विद्यालये, ज्यांतील पहिल्या दोहोंपैकी एक आपल्या अमरावतीचे, सहावीपासून थेट बारावीपर्यंत मुलांना ठेवून घेतात. अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकलेले साक्री तालुक्यातील भिल्ल समाजाचे डॉ. राजेंद्र भारूड डॉक्टर झाले, पुढे आय. ए. एस. होऊन नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. त्यांची जिद्द मोठीच. पण मधे दहावीला त्यांना पेटी बांधावी लागली नाही, हेही विसरता कामा नये. मुलींसाठीची कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये २००४ साली निघाली तेव्हा आठवीपर्यंतच होती. आठवीनंतर मुली परत घरीच बसतात हे दिसल्यावर २०१८ पासून ती बारावीपर्यंत वाढवण्याचे धोरण आले. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्याचा खर्च देणारी स्वाधार योजना राज्यात आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे काढण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. हे सर्व योग्य दिशेचे आहे. मात्र जागा आणि पैसे दसऱ्यानंतर मिळून उपयोग नाही, आधी मिळाले पाहिजेत. आमच्याकडे वर्ष जूनला सुरू होत नाही, उचलीच्या दिवशी सुरू होते.

माझ्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक निवासी शाळेने माजी विद्यार्थ्यांच्या फलकाशेजारी एक नोंदवही ठेवावी. शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलामुलीची तीन वर्षांपर्यंतची नोंद तीत असावी: कोठे राहते, काय करते. ज्याचे नाव फलकावर येणार नाही त्याचे नाव निदान त्या वहीत यावे. दुसरे, वसतिगृहाची यादी लागेपर्यंतच्या महिन्यांसाठी शाळेची एक खोली उघडी ठेवावी. पाऊस-पाण्याच्या दिवसांत चार-पाच मुलींना पुरेल एवढी जागा पुष्कळ झाली. तिसरी सूचना आम्हा माजी विद्यार्थ्यांसाठी आहे. आपण ज्या दारातून आत आलो ते आपल्या मागे लावून घेऊ नये.

केवळ उपदेश करून थांबणे बरे नव्हे, म्हणून शेवटी एक गोष्ट सांगते. नर्सिंगची एक मैत्रीण आणि मी, दोघींनी मिळून या गावात भाड्याची एक खोली घेतली आहे. यंदा आमच्याच शाळेतून दहावी झालेली एक मुलगी यादी लागेपर्यंत आमच्याकडे राहिली. खोली लहान, तिघींना पाय पसरून झोपता येत नसे. चूल एकच, म्हणून सकाळी भांडणेही होत. दसऱ्याच्या आधी चार दिवस तिचे नाव यादीत लागले. आता ती अकरावीत आहे. तिची पत्र्याची पेटी वसतिगृहात नेताना कडी तुटली, ती आम्ही सुतळीने बांधली.

पुढच्या जूनमध्ये ती जागा पुन्हा रिकामी आहे.